शर्यत झाल्यावर घेऊ

बुटांच्या दुकानामागच्या खोलीत जागा कमी आणि वास जास्त. नव्या रबराचा वास, जुन्या मोज्यांचा वास, आणि कुणीतरी पोटऱ्यांना चोळलेल्या तेलाचा वास. दीड वर्षानंतर लिफ्टवाल्यानं त्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्याला पहिलं काय जाणवलं, तर खिडकी बंद आहे. उघडायची म्हटली तरी तिच्यापुढे बुटांच्या खोक्यांची चळत, पार छतापर्यंत. मग तो दारातच चौकटीला टेकून उभा राहिला. आत पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर, स्टुलांवर, जमिनीवर. मास्क फक्त त्याच्या एकट्याच्या तोंडावर.

"आले, आले, झेंडेवाले आले!" दातांचा डॉक्टर ओरडला. "अहो, काढा की ते तोंडावरचं फडकं. आम्ही काय चावतो का?"

"तुम्ही चावत नाही हो, तुम्ही उपटता. माझी चांगली दाढ काढलीत, किडकी तशीच ठेवलीत."

खोली खदखदून हसली. हसली म्हणजे काय, वीस तोंडं उघडली आणि आतली हवा एकमेकांवर आपटली. लिफ्टवाला अर्धं पाऊल मागे सरकला.

माणूस तसा घाबरट नव्हे. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या म्हणजे तारेला लटकलेल्या डब्याच्या टपावर उभं राहून काम करायचं. पण घरात बायको होती. तीन वर्षांपूर्वी तिला किडनी बसवली होती. अंगानं ती परकी किडनी हाकलून देऊ नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी काय होतं, तर अंगातले पहारेकरीच गुंगीत जातात. चोर आला तर ओरडायला कुणी नाही. तिला लस दोनदा दिली, पण डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "हिच्यात ती म्हणावी तशी लागणार नाही. हिच्याभोवतीच्या माणसांनी घेतली, तीच हिची लस समजा."

आणि ती किडनी कुणाची? तर समोर खोलीच्या मधोमध, गळ्यात शिट्टी अडकवून, खुर्चीवर उलटा बसलेल्या ह्या दुकानाच्या मालकाची. हा तिचा धाकटा भाऊ, लिफ्टवाल्याचा मेहुणा. सगळी धावणारी मंडळी त्याला कॅप्टन म्हणत. बहिणीला किडनी दिली आणि वर्षाच्या आत हा बाबा पुन्हा शर्यतीत उतरला होता. एका किडनीवर. त्यामुळे त्याच्यापुढे कुणाची मान वर होत नसे.

"बसा दाजी," कॅप्टन म्हणाला. "शर्यत पक्की झालीय. पुढच्या महिन्यात. दीड वर्षानं पहिली. आणि तुमच्याशिवाय शेपूट हलत नाही."

आता ही शेपटीची भानगड सांगायला हवी. लांबच्या शर्यतीत एक माणूस पाठीला काठी बांधून तिच्यावर झेंडा लावतो. झेंड्यावर लिहिलेलं असतं, सव्वादोन तास. म्हणजे ह्याच्या मागे चिकटून राहा, सव्वादोन तासांत तुम्ही शेवटच्या रेषेवर. मागच्यांनी घड्याळ बघायचं नाही, रस्ता विचारायचा नाही, डोकं चालवायचं नाही. झेंडा वळला की वळायचं. झेंडा कधी थांबत नाही, हा त्यातला मोठा नियम. त्या मागच्या घोळक्याला ही मंडळी शेपूट म्हणत, आणि लिफ्टवाल्याची शेपूट सगळ्यात मोठी, कारण ह्याचे पाय म्हणजे लोलक. पण शेपूट म्हणजे सव्वादोन तास पंचवीस माणसांचं फुसफुसणं थेट मानेवर. कुणी खोकतंय, कुणी थुंकतंय, कुणाच्या नाकाचं पाणी वाऱ्यानं पुढच्याच्या कानाला लागतंय.

"मोकळ्या हवेत काही होत नाही," दातांचा डॉक्टर म्हणाला. "हे सगळं बंद खोल्यांचं आहे."

"आत्ता आपण कुठे बसलोय?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"आपलं वेगळं. आपण धावणारी माणसं. फुप्फुसं बघा आपली!"

"टीव्हीवर सांगत होते," बँकवाली मध्ये पडली, "दहातल्या सात जणांना लस मिळालीय. आता किती दिवस घरात कोंडून घ्यायचं? मी तर जिना चढून उतरून जिन्याला पोक आणलाय."

"तीन जण राहिलेत ना पण? ते तीन नेमके शेपटीत आले तर?"

"तुम्ही ना, झेंडेवाले, लग्नात जाऊन मयताच्या गोष्टी सांगाल."

लिफ्टवाल्यानं सरळ विषयाला हात घातला. "हे बघा. मलाही धावायचंय. रात्री झोपेत पाय हलतात माझे, बायको लाथा खाते. मी झेंडा घेईन. पण माझ्या शेपटीतल्या प्रत्येकाचे दोन्ही डोस झालेले पाहिजेत. झालेत का? हात वर करा."

भराभर हात वर झाले. एकूण एक. कॅप्टनचा तर आधीच वर होता. लिफ्टवाल्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला आपल्याच शंकेखोरपणाची लाज वाटली, आणि लाज झाकायला माणूस जसं गोड बोलतो तसं तो बँकवालीला म्हणाला, "दुसऱ्याला माझा हात फार दुखला. तुमचा दुखला का?"

"दुसरा ना?" बँकवाली म्हणाली. "तो शर्यत झाल्यावर."

"म्हणजे?"

"अहो, दोन दिवस अंग मोडून येतं. ऐन सरावात पाय जड झाले तर सगळी मेहनत पाण्यात. कॅप्टननंच सांगितलंय. शर्यत झाल्यावर घेऊ."

लिफ्टवाल्यानं दातांच्या डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरनं बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. "शर्यत झाल्यावर," तो म्हणाला. शेजारचा पोस्टमन म्हणाला, "शर्यत झाल्यावर." त्याच्या शेजारची म्हणाली, "माझी तारीख होती हो, पण पुढे ढकलली." खोलीभर तेच. एकही माईचा लाल दुसरी सुई टोचून आलेला नव्हता.

"मग हात कशाला वर केलेत?"

"झाल्यातच जमा आहे की," दातांचा डॉक्टर म्हणाला. "ठरलंय ना घ्यायचं!"

"असं कसं झाल्यात जमा? साखरपुडा झाला म्हणून बारसं करता का लगेच?"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. लिफ्टवाला मेहुण्याकडे वळला. "आणि तू?"

"माझा एक झालाय."

"दर रविवारी माझ्या घरी येतोस. ताईच्या समोर बसून जेवतोस. मास्क काढून. आणि मला सांगितलंस की दोन झाले."

"एक बास आहे मला," कॅप्टन म्हणाला. आवाज न चढवता. "माझं सगळं एकावरच चाललंय."

 मग तो उठला, खुर्ची बाजूला केली आणि दाजींच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "आणि मला शिकवू नका, दाजी. तिच्या पोटात जे चालतंय ना, ते माझं आहे. तुमच्यापेक्षा मला जास्त काळजी आहे त्याची. तुम्ही तिला काय दिलंत? आडनाव?"

 लिफ्टवाला आला तसा गेला. पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "बायकोच्या पदराला बांधलेला झेंडा," आणि वीस माणसं पुन्हा हसली.

*

बायको घरी पडदे शिवायची. मशीनवर वाकलेली असायची, तोंडात टाचण्या. त्यानं सगळं सांगितलं, तिनं टाचण्या तोंडातच ठेवून ऐकलं. मग एकेक काढून टाचणीच्या उशीत खुपसत गेली. जरा जास्तच जोरात.

"रविवारी येऊ दे," एवढंच म्हणाली.

"तू काही बोलू नकोस. मी बघतो."

"तुम्ही बघितलंत. आडनाव ऐकून आलात."

रविवारी कॅप्टन आला. हातात सफरचंदांची पिशवी, अंगाला पहाटेच्या धावण्याचा घाम. बेल वाजवली. बायकोनं लाकडी दार उघडलं, जाळीचं लावूनच ठेवलं आणि स्वतः चार हात मागे जाऊन उभी राहिली. नवरा तिच्या मागे.

"उघड की," कॅप्टन म्हणाला.

"दुसरी टोचून ये, मग उघडते."

"ताई, नाटकं नकोत. पायात गोळे आलेत माझ्या."

"मग खाली पायरीवर बस. पायरी काही माझ्या बापाची नाही."

"दाजींनी कान भरले तुझे?"

"माझे कान भरायला माणूस लागत नाही. खोटं कुणी बोललं? मी विचारलं होतं तुला, ह्याच दारात. म्हणालास, झाले दोन्ही. माझ्यासमोर बसून घास खात होतास आणि पोटात खोटं होतं."

कॅप्टनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं जाळी धरून हलवली. शेजारच्या दाराची फट उघडली आणि मिटली. "पोटातलं काढू नकोस ताई! पोटातलं काढलंय मी एकदा. तुझ्यासाठी. मला दारात उभं करतेस? मग माझं परत दे."

लिफ्टवाल्याला वाटलं आता ही कोसळणार. पण ती बाई दोन पावलं पुढे आली.

"ये. काढून घे. कात्री मशीनवरच आहे. पण कापण्याआधी दुसरा डोस घेऊन ये, माझ्या जखमेला बाधायला नको."

कॅप्टननं पिशवी आपटली. सफरचंदं जिन्यावरून टप टप खाली गेली, मजला मजला आवाज ऐकू येत राहिला. त्यांच्यामागून त्याची पावलं. बायकोनं लाकडी दार लावलं, मशीनपाशी जाऊन बसली आणि अर्धा राहिलेला पडदा उलट्या बाजूनं शिवून ठेवला. संध्याकाळी उसवत बसली तेव्हा म्हणाली, "एकुलता एक भाऊ आहे मला. दार लावलं मी त्याच्या तोंडावर. मी मेले तर हा स्वतःला माफ करेल का हो? आणि मेले नाही तर मला करेल का?"

 असल्या वेळी लिफ्टवाल्याचं तोंड लिफ्टसारखं दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचं.

*

शर्यतीच्या आधीच्या रविवारी शेवटचा लांब सराव होता. शनिवारी दातांच्या डॉक्टरचा फोन आला. कॅप्टन स्वतः कशाला करतोय!

"अहो, झेंडा पोस्टमनला दिला होता. तो पत्रं वाटल्यासारखा धावतो, मध्येच वेगात, मध्येच दारोदार. शेपटीचे तुकडे तुकडे झाले. उद्या तरी या. मास्क लावून या, काय हवं ते लावून या."

"येतो," लिफ्टवाला म्हणाला.

डॉक्टर चमकला. "तुमच्या दोन डोसांच्या अटीचं काय मग?"

"ते बघू रस्त्यात."

सकाळी तो गेला. कुणी धड बोललं नाही. बँकवालीनं मान वळवली. कॅप्टननं झेंड्याची काठी त्याच्या अंगावर टाकल्यासारखी दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यांच्याशी जेवढं लागतं तेवढंच बोलायचं. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे, मग पूल. पुलावर पाणी घेऊन मी उभा आहे." शिट्टी मारली, स्कूटरला बाटल्यांचा खोका बांधला आणि निघून गेला.

शेपूट जुळली. सुरुवातीला पाय आखडलेले, पण थोड्या वेळानं वीस जणांची पावलं एका तालात पडायला लागली, जसं मोठं एखादं जनावर जागं व्हावं. लिफ्टवाल्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. दीड वर्षं तो एकटाच धावला होता, इमारतीच्या तळाच्या पार्किंगमध्ये, खांबांना वळसे घालत. मागून डॉक्टर म्हणाला, "बघा, आहे की नाही मजा? उगीच घर धरून बसलात." आणि मानेवर गरम श्वास आला. लिफ्टवाल्यानं मास्क नाकावर दाबला.

पाण्याची टाकी आली. झेंडा डावीकडे वळला.

शेपूटही वळली. डोकं चालवायचं नाही हा नियम ह्या मंडळींच्या हाडीमासी खिळलेला. गल्ली आली, गल्लीतून शाळा आली, शाळेचं फाटक उघडं होतं, झेंडा आत, शेपूट आत. मैदानात मांडव, अंतर सोडून मांडलेल्या खुर्च्या, टेबलं, बर्फाच्या पेट्या. आणि तिथे लिफ्टवाल्यानं ते केलं जे झेंडेवाल्यानं कधी करायचं नसतं. तो थांबला.

मागच्यांची धडाधड टक्कर झाली. पोस्टमन बँकवालीच्या पाठीवर, डॉक्टर पोस्टमनच्या टाचेवर, कुणी मैदानात लोळलं.

"काय झालं? पाय मुरगळला का?"

"पाय बरा आहे," लिफ्टवाला धापा टाकत म्हणाला. "ते टेबल दिसतंय ना, तिथे दुसरा डोस मिळतो. रांग नाही आज. हात वर करता येतात तुम्हाला, मी बघितलंय. आता जरा आडवा करा."

 मग जो गोंधळ उडाला, तो सगळाच सांगण्यासारखा नाही. पोस्टमननं त्याच्या सात पिढ्यांना पत्रं पाठवली. एकानं बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्या तोंडावर फेकलं. "मी डॉक्टर आहे!" दातांचा डॉक्टर किंचाळला. "मला तुम्ही फसवून सुईला आणता?"

"दातांचे आहात. सुई दंडात आहे."

"आठवड्यावर शर्यत आलीय! वर्षभर घासलोय आम्ही!"

"माझी बायको दीड वर्षं खिडकीतून जग बघतेय, तिनंही घासलंच आहे."

"म्हणून तुमच्या बायकोसाठी आम्ही सगळ्यांनी तापात पडायचं का?" बँकवालीनं विचारलं, आणि प्रश्न खोटा नव्हता.  लिफ्टवाला म्हणाला, "पडू नका. पण मग माझ्या मानेमागे धावू नका. खोटा हात वर करू नका."

बरेच जण शिव्या देत फाटकाबाहेर पडले. डॉक्टर सगळ्यांच्या पुढे. सहा-सात जण मात्र खुर्च्यांवर बसले, त्यात बँकवाली. "तुमच्यासाठी नाही हं," ती दात खाऊन म्हणाली. "आत्ता नाही घेतली तर मी कधीच घेणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून. तुमचं तोंड परत बघायची इच्छा नाही."

एवढ्यात स्कूटर आली. पुलावर पाणी घेऊन वाट बघणाऱ्या कॅप्टनला कुणीतरी फोन केला होता. स्कूटर स्टँडला लावायचीही त्याला सवड नव्हती, तशीच आडवी पडली, बाटल्या मैदानभर. त्यानं येऊन आधी झेंडा धरला. काठी गुडघ्यावर आपटून मोडली.

"तू!" तो म्हणाला. आजवर त्यानं दाजींना कधी 'तू' म्हटलं नव्हतं. "माझी माणसं आहेत ही! माझी! दीड वर्षं एकेकाला फोन करून धावतं ठेवलं मी. तू काय केलंस? बायकोच्या मागे लपलास. आणि आज त्यांना शेळ्यांसारखं हाकत आणलंस?"

"तुझी माणसं आहेत ना? मग त्यांना सुई घेऊ नका असं कसं सांगितलंस?"

"नंतर घ्या म्हणालो!"

"कशाला नंतर? शर्यतीत तुला काय मिळतं? पितळेचं एक पदक. त्यासाठी तू तुझ्या बहिणीच्या..."

"पदक गेलं खड्ड्यात!" कॅप्टन ओरडला, आणि टेबलामागची सिस्टरसुद्धा हातातली सुई तशीच धरून बघायला लागली. त्याचा आवाज एकदम खाली गेला, पण धार होती तशीच. "पहिल्या डोसानंतर मला काय झालं, माहीत आहे तुला?"

"ताप आला असेल. सगळ्यांनाच येतो."

"सगळ्यांना दोन असतात! मी त्या दुकानाच्या मागे एकटा पडलो होतो. अंगाची भट्टी. साधी दुखण्यावरची गोळी घ्यायची चोरी, किडनीला चालत नाही म्हणून. घोटभर पाणी पोटात ठरेना. सकाळपासून लघवी नाही. पडल्या पडल्या मोजत होतो, आता ही बंद पडली की संपलं, दुसरी नाही. दुसरी मी देऊन बसलोय. रडलो, कळलं? मोठ्यानं रडलो, आणि बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवत होतं."

"मग फोन का नाही केलास?"

"कुणाला? तुला? तिला शिंक आली की तू, डॉक्टर, शेजारी, सगळं घर गोळा होतं. मला दवाखान्यातून सोडलं त्या दिवसापासून एकदा तरी कुणी विचारलं, बाबा रे, तुझं कसं चाललंय? आजारी पडायचा मक्ता तिनं घेतलाय आपल्या घरात. मी आपला शूर. शूर माणसाला कुणी ताप विचारत नाही."

लिफ्टवाल्याला हे खरं आहे हे लगेच कळलं, आणि खरं लागलं म्हणूनच त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "हे सांगायचं होतंस मग! तोंड होतं ना? भ्यालो म्हणून सांगायचं!"

"वीस माणसांचा कॅप्टन आहे मी."

"म्हणून पाय जड होतात अशी थाप मारलीस. स्वतःची भीती झाकायला वीस जणांना अर्धवट टोचून ठेवलंस. आणि तीही गाढवं तुझ्यामागे."

कॅप्टननं हात उगारला. लिफ्टवाला हलला नाही. तो हात तसाच हवेत राहिला, मग कॅप्टननं त्याच हातानं स्वतःचंच तोंड पुसलं.

"डॉक्टरांना विचारलंस?" लिफ्टवाल्यानं विचारलं. प्रेमानं नव्हे, चावी फिरवल्यासारखं.

"विचारलं. म्हणाले घे, काही होत नाही, पाणी पी भरपूर. त्यांचं काय जातंय? ते येऊन बसणार आहेत का उशाशी?"

"मी बसतो."

"तुझं तोंड बघून ताप आणखी चढेल."

"चढू दे. उतरेपर्यंत बसतो."

 बँकवाली दंडावर कापूस दाबून बाहेर आली, दोघांकडे एकेकदा बघून, एक शब्द न बोलता गेली. मग कॅप्टन मांडवाकडे चालायला लागला. खुर्चीत असा बसला, जणू खुर्चीवर सूड घेतोय.

"कुठला हात?" सिस्टरनं विचारलं.

"कुठलाही," कॅप्टन म्हणाला. "हात दोन आहेत."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप आला, चांगला फणफणून. शटर अर्ध्यावर ओढलेलं. लिफ्टवाल्यानं पहिलं काम काय केलं, तर खोक्यांची चळत उतरवून खिडकी उघडली. कॅप्टन जमिनीवरच्या गादीवर पडल्या पडल्या ओरडत होता. "नंबरवार लावलेत ते! सगळा घोळ केलास माझ्या मालाचा!"

"पाणी पी."

"आत्ता प्यायलो."

"आत्ता म्हणजे मघाशी. पी."

"जेलर आहेस का?"

मधल्या काळात मंडळींचे निरोप येऊन पडले होते. दातांचा डॉक्टर आता कॅप्टन, पोस्टमनकडे नवा झेंडा, शर्यतीला सगळे जाणार. ज्यांनी सुई घेतली त्यांच्यापैकी दोघं तापात, ते सोडून. जुन्या कॅप्टनचे आभार वगैरे कुणी मानले नव्हते. कॅप्टननं फोन गादीखाली सारला. "दात उपटणाऱ्याच्या मागे धावतायत," तो भिंतीला म्हणाला. "धावा, धावा. बत्तीशी हातात घेऊन परत याल."

थोड्या वेळानं लिफ्टवाल्याचा फोन वाजला. बायको. त्यानं आवाज मोठा करून फोन गादीशेजारी ठेवला.

"लघवी झाली का?" फोनमधून पहिलं वाक्य.

"ताई, अगं दुकानाचं शटर उघडं आहे!"

"झाली का नाही?"

"झाली!"

"रंग?"

"देवा रे! येऊन बघ आता!"

"आले असते," ती म्हणाली, आणि मग फोनमध्ये बराच वेळ नुसता मशीनचा आवाज, थांबत थांबत. "ह्यांनी सगळं सांगितलं मला. काल रात्रभर मनात शिव्या घातल्या तुला. मग मलाच घातल्या. तीन वर्षं तुझी वस्तू वापरतेय आणि तुझ्याकडची दुसरी कशी चाललीय हे एकदा विचारलं नाही."

कॅप्टननं तोंड भिंतीकडे केलं.

"माझ्यासाठी घेतलीस ना सुई?"

"नाही," तो भिंतीलाच म्हणाला. "माझ्या उरलेल्या एकीसाठी घेतली. तुझ्यासाठी आता काही करणार नाही मी."

"नकोच करूस. एकदा केलंस ते अजून ऐकतेय." मशीन पुन्हा खडखडलं. "आणि लगेच येऊ नकोस. अंगात भिनायला दोन आठवडे लागतात. त्याच्या आत आलास तर जाळीसुद्धा उघडणार नाही."

"येतंय कोण! तुझ्या दारात पाय ठेवला तर नाव बदलेन."

"बदल. सफरचंदं आणताना ह्या वेळी न आपटता आण."

फोन बंद झाला. कॅप्टननं पांघरूण डोक्यावर ओढलं. दात वाजत होते त्याचे, गादी हलत होती. लिफ्टवाला शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसला आणि ओला रुमाल द्यावा की राग येईल ह्याचा विचार करत राहिला. शेवटी त्यानं तो नुसता पांघरुणापाशी ठेवला. बऱ्याच वेळानं आतून एक हात बाहेर आला आणि रुमाल आत घेऊन गेला.

"मला झोप लागेल आता," पांघरूण म्हणालं.

"लागू दे."

"मी झोपल्यावर उठून गेलात तर बघा, दाजी. सांगून ठेवतो. तुमचं थोबाड परत पाहणार नाही."

 लिफ्टवाल्यानं पायातले बूट काढले, आणि दाराशी नेऊन भिंतीला लावून ठेवले.